भेंडवळचे भाकीत नको, धान्य वाचा

अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळ गावात कॅमेरे पोहोचतात आणि दुपारपर्यंत राज्यभर एकच प्रश्न फिरतो : राजा कायम की नाही? पूर्णेकाठची घटमांडणी पाहण्याची यापेक्षा उथळ रीत नसेल.

मांडणी अशी. आदल्या संध्याकाळी शेतात गोल घट आखून कडेने अठरा धान्ये ठेवतात. मधल्या खड्ड्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळे, त्यांवर पाण्याची घागर. घागरीवर पुरी, पापड, सांडोई, कुरडई, करंजी. जवळ विड्याचे पान. रात्रभर तिथे कुणी थांबत नाही. पहाटे काय हलले, काय भिजले, यावरून वर्षाचे भाकीत होते.

त्या भाकिताला पुरावा नाही. गेल्या वर्षीचे भाकीत आणि प्रत्यक्ष पडलेला पाऊस शेजारी ठेवणारी बातमी क्वचितच दिसते. अंधश्रद्धा निर्मूलनवाद्यांचा आक्षेप इथे पूर्णपणे ग्राह्य आहे. मात्र भाकीत खोटे ठरले म्हणून विधीही टाकाऊ ठरतो, हे मान्य करता येत नाही.

परंपरेच्या वयाचेही तसेच. चंद्रभान महाराज वाघ यांनी ती सुरू केली, असे सांगतात. बातम्यांत कधी 300 वर्षे, बहुधा 350. आणि वर्षे उलटली तरी 350 चे 351 होत नाहीत! मौखिक परंपरा मौखिक म्हणूनच सांगावी. लेखी आधार हवा असेल तर तो या परिसराचा आहे : मुघलांनी वऱ्हाड घेतल्यानंतरच्या 'आइन-ए-अकबरी'त नरनाळा सरकारातील परगणा म्हणून जळगाव येते. घटमांडणीबद्दल त्यातून काहीही सिद्ध होत नाही.

मग पाहायचे काय? धान्य. त्या वर्तुळात गहू, ज्वारी, तूर यांच्यासोबत अंबाडी, भादली, जवस, करडई आहेत. सोयाबीनने व्यापलेल्या आजच्या वऱ्हाडात यांतली कितीतरी पिके शेतातून जवळजवळ उठली. घटात मात्र त्यांची जागा राखलेली आहे. कोणत्याही महसुली दप्तराइतकीच ही यादी बोलकी आहे, कारण ती शेतकऱ्याने स्वतःसाठी मांडली. भादली म्हणजे रोगराई, मसूर म्हणजे शत्रू, करंजी म्हणजे तिजोरी, विडा म्हणजे राजा. फौज, साथ आणि सारा यांच्या धाकात जगलेल्या कुणब्याची चिंता या क्रमात दिसते, असा तर्क तरी करता येतो. वाहिन्या त्या विड्याचे थेट पंतप्रधान करून टाकतात.

बुलढाणा जिल्हा पाहायला निघालेले बहुतेक जण लोणार, सिंदखेड राजा आणि शेगाव करून परततात. भेंडवळला जाणाऱ्याने निकालाच्या पहाटे नव्हे, आदल्या संध्याकाळी जावे. वही न्यावी. अठराही धान्यांची स्थानिक नावे, त्यांचा क्रम, आणि त्यांतले कोणते आता बाजारातून विकत आणावे लागते, हे मांडणाऱ्यांच्याच तोंडून उतरवून घ्यावे.