विम्याचा दावा आणि आपली वही

पोत्यामागे रुपया-दोन रुपये हमालीसाठी आपण व्यापारी अर्धा अर्धा तास घासाघीस करतो. परंतु ज्या कागदावर साऱ्या वखारीचे भवितव्य अवलंबून असते, तो विम्याचा कागद न वाचताच तिजोरीत ठेवून देतो. पुढे आपत्ती आली म्हणजे तो बाहेर काढतो, आणि मनासारखी भरपाई न मिळाल्यास कंपनीला दोष देऊन मोकळे होतो. कंपन्या चुकत नाहीत असे आमचे म्हणणे नाही. तथापि चाळीस वर्षांच्या अडत व घाऊक धान्यव्यापाराच्या अनुभवावरून आमचे असे स्पष्ट मत झाले आहे, की दावा फसतो तो बहुधा आपल्याच पेढीवर, आणि तोही आपत्ती येण्यापूर्वी.

हे मत आम्हांस फुकट मिळालेले नाही. २०१९ च्या ऑगस्ट महिन्यात बेळगाव जिल्ह्यात जो महापूर आला, त्यात आमच्या वखारीतही पाणी शिरले. थप्प्यांच्या खालच्या थरांतील तूर, हरभरा व ज्वारी भिजली. वहीप्रमाणे त्या दिवशी वखारीत २० लाख रुपयांचा माल होता आणि नुकसान ६ लाखांचे झाले. विमा मात्र १२ लाखांचाच होता. ती रक्कम कैक वर्षांपूर्वी ठरविलेली; धान्याचे भाव वाढले, साठा वाढला, पण दरसाल नूतनीकरणाच्या वेळी आम्ही जुन्याच आकड्यावर सही करीत आलो. नुकसान ६ लाखांचे व विमा १२ लाखांचा, तेव्हा पूर्ण भरपाई मिळेल, असा आमचा समज होता. तो खोटा ठरला. अपुऱ्या विम्याचे कलम असे सांगते, की २० लाखांच्या मालापैकी १२ लाखांचाच विमा उतरविला असेल तर उरलेल्या ८ लाखांची जोखीम व्यापाऱ्याने स्वतःच पत्करली आहे. सबब नुकसानही त्याच प्रमाणात वाटून घ्यावे. त्या हिशेबाने ६ लाखांचे ३ लाख ६० हजार झाले, व त्यातूनही विमापत्रातील ठरीव वजावट गेली. शेजारच्या भाड्याच्या शेडमधील मालाबद्दल तर काहीच मिळाले नाही. कारण त्या शेडचा पत्ता विमापत्रात आम्ही कधी घातलाच नव्हता.

याहून बोचरा धडा पुढे होता. बँकेची कर्जमर्यादा टिकावी म्हणून त्या महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटात आम्ही २५ लाखांचा साठा दाखविला होता. सर्व्हेअरने ते पत्रक व आमची वही शेजारी शेजारी ठेवून शांतपणे विचारले, ‘यातले खरे कोणते?’ साठ वर्षांच्या पेढीवर बसून त्या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. खरेदीची बिले, बाजार समितीच्या पट्ट्या, वजनकाट्याच्या पावत्या व जीएसटीची विवरणपत्रे जुळवून अखेर वही मान्य झाली. पण त्यात कित्येक महिने गेले. बँकेकडील आकडा खरा धरला असता, तर त्याच कलमाने आमच्या हाती २ लाख ८८ हजारच आले असते. ज्या फुगवट्याने कर्ज मिळते, त्याच फुगवट्याने भरपाई घटते, हे आम्ही त्या दिवशी शिकलो.

म्हणून आपत्तीपूर्वीची कामे प्रथम सांगतो. साठा सर्वाधिक असतो त्या हंगामातील भावाने विम्याची रक्कम ठरवावी. प्रत्येक वखारीचा व शेडचा पत्ता विमापत्रात आहे ना, हे पाहावे. आग व पूर यांचा विमा आणि घरफोडीचा विमा सामान्यतः वेगवेगळा असतो, हेही ध्यानात ठेवावे. १ एप्रिल २०२१ पासून एका ठिकाणच्या ५ कोटी रुपयांपर्यंतच्या मालमत्तेसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ हे प्रमाणित विमापत्र निघाले आहे. त्यात १५ टक्क्यांपर्यंतचा अपुरेपणा माफ असतो. परंतु त्या सवलतीवर विसंबून राहू नये. वह्यांची एक प्रत वखारीबाहेर, दुसऱ्या ठिकाणी असावी. मालाबरोबर वहीही भिजली तर दावा कशावर उभा राहणार?

आपत्तीच्या दिवशी कंपनीस त्वरित व लेखी कळवावे आणि पोच घ्यावी. आग असल्यास अग्निशामक दलाचा, चोरी असल्यास पोलिसांचा कागद लागतोच. काहीही हलविण्यापूर्वी छायाचित्रे घ्यावीत. भिजलेला माल कोरड्यापासून ताबडतोब वेगळा करावा. तो तसाच राहिला तर तापतो, त्यास बुरशी चढते, व वाढलेल्या नुकसानीचा दोष आपल्यावर येतो. मात्र सर्व्हेअरने पाहिल्याविना एक पोतेही फेकू अथवा विकू नये. दुर्गंधीमुळे माल तातडीने हलविणे भागच पडले, तर कंपनीस तसे लिहून कळवावे, पंचनामा करावा, वजन करून नमुने राखून ठेवावेत.

आमचे काही बंधू म्हणतात, ‘दहा मागावे, तेव्हा सहा मिळतात.’ हा सल्ला धर्मास व व्यवहारास दोन्हींस बाधक आहे. दाव्यात लबाडी आढळल्यास सगळाच दावा बुडतो, असे कलम विमापत्रात असते. म्हणजे वरच्या चारांच्या मोहात हक्काचे सहाही जातात. आणि तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताच्या अतिचारांमध्ये ‘कूटलेखक्रिया’, म्हणजे खोटा लेख करणे, ही सांगितली आहे, ती आपल्यासारख्या वहीवर जगणाऱ्यांना उद्देशूनच जणू.

परंतु याच्या उलट, ‘नशिबात होते ते मिळाले’ असे म्हणून हक्काची रक्कम सोडून देणे, हाही काही अपरिग्रह नव्हे. सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत मागावी. रक्कम मान्य नसेल तर पूर्ण भरपाईच्या पावतीवर सही करण्यापूर्वी आपली हरकत लेखी नोंदवावी. प्रथम कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. महिन्याभरात समाधान न झाल्यास, अथवा नकार आल्यापासून एक वर्षाच्या आत, विमा लोकपालाकडे जाता येते. तेथे फी नाही, वकील लागत नाही. एकल मालकीच्या पेढ्या व सूक्ष्म उद्योग यांना तेथे ५० लाख रुपयांपर्यंत दाद मागता येते. कर्नाटकातील सभासदांसाठी हे कार्यालय बंगळुरूस आहे. याखेरीज ग्राहक आयोगाचाही मार्ग असून त्याची मुदत दोन वर्षांची आहे.

आमची आपल्या संघास एक नम्र सूचना आहे. दिवाळीस, भगवान महावीरांच्या निर्वाणदिनी, आपण नव्या वह्यांचे पूजन करतो. त्या पाटावर वहीशेजारी विमापत्रही ठेवावे, आणि पूजनानंतर मुलासुनांसमक्ष ते वाचून दोन्हींतले आकडे ताडून पाहावेत. संघानेही दरवर्षी मृगापूर्वी दोन-तीन जाणत्या सभासदांची समिती नेमून लहान व्यापाऱ्यांची विमापत्रे तपासून द्यावीत. आमच्या वेळी असे सांगणारा कोणी असता, तर २ लाख ४० हजार रुपये वाचले असते. त्याहून मोलाचे म्हणजे, त्या एका प्रश्नापुढे मान खाली घालण्याची वेळ आली नसती.