नावडतीचे मीठ आणि मानसशास्त्र

लग्नाच्या पंगतीत शेजारच्या गृहस्थांनी विचारले, "आपण काय शिकवता?" मी म्हटले, मानसशास्त्र. घास हातातच ठेवून ते म्हणाले, "अरे बापरे! म्हणजे आत्ता माझ्या मनात काय चाललंय ते तुम्हाला कळत असणार." त्यांच्या मनात मठ्ठा अजून का येत नाही एवढेच चालले होते, आणि ते ओळखायला कोणतेही शास्त्र लागत नव्हते. मठ्ठा आला, दोन घोट पोटात गेले आणि पुढचे वाक्य आले, "तसं पाहिलं तर यात शास्त्र ते काय हो? चार पावसाळे पाहिलेल्या माणसाला हे सगळं ठाऊकच असतं."

पाच मिनिटांत मी मनकवडाही ठरलो आणि बिनकामाचाही. सुशिक्षित मराठी घरांत मानसशास्त्राबद्दल बहुधा या दोनच समजुती नांदतात, आणि दोन्ही मला मान्य नाहीत. पहिलीला उत्तर देण्यात अर्थ नाही. दुसरी मात्र वजनदार माणसे वजनदार चेहऱ्याने सांगतात, म्हणून तिचा समाचार घेतला पाहिजे.

पावसाळे पाहिलेल्यांचे शहाणपण म्हणींत साठलेले असते. मुलगा बापाच्या वळणावर गेला की आपण म्हणतो, खाण तशी माती. नाही गेला, संगतीने बदलला, की म्हणतो, ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. पहिली म्हण आनुवंशिकतेची, दुसरी परिस्थितीची. मुलगा कसाही निघो, पोतडीत त्याच्या मापाची म्हण तयार. निकाल लागल्यावर जे प्रत्येक निकालाला लागू पडते त्याला ज्ञान म्हणायचे कसे? निकाल लागण्यापूर्वी काही सांगा आणि ते चुकले तर चुकले म्हणा, एवढीच शास्त्राची मागणी असते.

"पण अनुभव काय खोटा असतो?" अनुभव खोटा नसतो. त्यावरून काढलेला अर्थ खोटा असू शकतो. पुढे नोबेल मिळवलेले मानसशास्त्रज्ञ डॅनिएल कानेमन तरुणपणी इस्रायलच्या हवाई दलातील प्रशिक्षकांना सांगत होते की शिक्षेपेक्षा शाबासकीने माणूस चांगला शिकतो. एक मुरलेला प्रशिक्षक उठला. त्याचा अनुभव नेमका उलटा होता. उत्तम कसरत केलेल्याचे कौतुक केले की पुढच्या वेळी तो बिघडतो, आणि वाईट केलेल्याला खडसावले की सुधारतो. वर्षानुवर्षे त्याने हेच पाहिले होते. कानेमन यांनी जमिनीवर खडूने एक लक्ष्य आखले आणि प्रत्येकाला त्याकडे पाठ करून दोन नाणी फेकायला लावली. ज्यांचे पहिले नाणे जवळ पडले त्यांतल्या बहुतेकांचे दुसरे लांब गेले, आणि ज्यांचे पहिले लांब पडले त्यांचे दुसरे जवळ आले. इथे कोणी कोणाला शाबासकी दिली नव्हती, दरडावलेही नव्हते. फार चांगल्या किंवा फार वाईट कामगिरीनंतरची कामगिरी आपोआपच सरासरीकडे सरकते. प्रशिक्षकाने पाहिले ते खरे होते, त्याचे श्रेय मात्र त्याने आपल्या आवाजाला दिले. आपल्याकडे "मारल्याशिवाय पोर सुधारत नाही" हा सिद्धान्त किती घरांत अशाच अनुभवावर उभा असेल, याचा विचार छडी उगारण्यापूर्वी जरूर करावा.

यावर उपाय कोणता? तुलना. न खडसावलेल्यांचे काय झाले ते पाहा. पाठ्यपुस्तकात याला नियंत्रित गट म्हणतात. तीन गुणांची टीप म्हणून तो पाठ होतो आणि परीक्षेनंतर विसरला जातो. संशोधन पद्धतींचे प्रकरण मुले 'ऑप्शनला' टाकतात आणि फ्रॉइडची स्वप्ने मात्र चवीने वाचतात. त्यांना दोष कसा द्यावा? शिकवणारे आम्हीच ते प्रकरण जांभया देत उरकतो.

नावडतीचे मीठ अळणी, ही मात्र म्हणींमधली खरी मानसशास्त्रज्ञ. खाणाऱ्याला स्वयंपाक कोणी केला हे ठाऊक असेल तर जीभ मिठाचे नव्हे, नात्याचे माप देते. मग परीक्षा घ्यायची तर भाजी कोणाची ते खाणाऱ्याला कळता कामा नये, आणि वाढणारीच्या चेहऱ्यावरून ते फुटू नये म्हणून तिलाही कळता कामा नये. सासूबाईंना हे पटणार नाही, पण औषधांच्या चाचण्या याच तत्त्वावर चालतात.

हे तत्त्व आपल्या पुण्यातच कसे वापरले गेले ते सांगतो. २००८ मध्ये खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीतले नरेंद्र दाभोलकर, संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे आणि ज्योतिषाचे चिकित्सक प्रकाश घाटपांडे यांनी फलज्योतिषाची परीक्षा घेतली. परीक्षेचा विषय आमच्याच अंगणातला होता, बुद्धी. शंभर हुशार विद्यार्थ्यांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या मिळून दोनशे पत्रिका मिसळून त्यांना सांकेतिक क्रमांक दिले, आणि कोणती पत्रिका कोणाची याची नोंद विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागात बंद ठेवली. प्रत्येक ज्योतिष्याला यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या चाळीस पत्रिका. हुशार कोण, मतिमंद कोण, एवढेच सांगायचे. नुसता छापा-काटा केला तरी वीसेक बरोबर येणार, म्हणून चाळीसपैकी अठ्ठावीस ही उत्तीर्णतेची रेषा आधीच ठरवली. एकावन्न जणांनी पत्रिका मागवल्या, सत्तावीस जणांची उत्तरे आली. सर्वोत्तम उत्तरात चोवीस बरोबर होती, आणि सगळ्यांची मिळून अचूकता ४६ टक्के, म्हणजे नाण्याहूनही किंचित कमी. एका संस्थेने दोनशेच्या दोनशे पत्रिका तपासल्या. तिची बरोबर आली १०२.

या प्रयोगाला ना यंत्र लागले, ना प्रयोगशाळा. कागद, लिफाफे आणि स्वतःवरच न ठेवलेला विश्वास एवढ्यावर भागले. मानसशास्त्र म्हणतात ते हेच आणि एवढेच, असा माझा दावा आहे. दुसऱ्याचे मन वाचण्याची ती विद्या नव्हे. आपले मन आपल्याला कसे फसवते हे ओळखून घ्यायच्या खबरदारीचे ते शास्त्र आहे.

"माणूस काय मोजायची वस्तू आहे?" हा आक्षेप भावनेला धरून असतो, म्हणून टाळ्या घेतो. पण माणूस कोणी मोजत नाही. त्याने काय केले ते मोजतात. जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसने निरर्थक शब्दावयव स्वतःच पाठ केले, किती विसरलो ते स्वतःच मोजले आणि १८८५ मध्ये छापले. विस्मरणाचा त्याचा आलेख आजही शिकवला जातो. आपल्याकडे बुद्धिमापनाच्या बिने चाचणीचे मराठी आणि कानडी मुलांसाठी रूपांतर करणाऱ्या कामतांनी नुसते भाषांतर केले नाही. इथल्या मुलांवर प्रश्न तपासून पाहिले. बिने-कामत ही नावांची जोडी त्या कष्टांतून आली.

आता एक आक्षेप असा, जो मला खोडता येत नाही. शितावरून भाताची परीक्षा करायची तर भात नीट ढवळलेला हवा. मानसशास्त्राने अनेक दशके पातेल्याच्या एकाच कडेची शिते दाबली. नामांकित नियतकालिकांतील अभ्यासांत भाग घेणारे बहुसंख्य लोक पाश्चात्त्य देशांतले, त्यातही बरेचसे अमेरिकी महाविद्यालयांतले विद्यार्थी. २०१० मध्ये हेनरिक, हाइन आणि नोरेनझायन यांनी हे सप्रमाण मांडले. लातूरच्या वर्गात "माणूस असा वागतो" असे जेव्हा आम्ही सांगतो तेव्हा तो माणूस कुठला, हे विचारायचा हक्क समोरच्या मुलीला आहे.

दुसराही घाव खोल आहे. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले शंभर प्रयोग पुन्हा करून पाहिले, तेव्हा जेमतेम ३६ टक्क्यांत मूळचा निष्कर्ष संख्याशास्त्रीय कसोटीला उतरला. आक्षेपक हा आकडा झेंड्यासारखा फडकवतात. फडकवू देत. पण हे प्रयोग पुन्हा केले कोणी? मानसशास्त्राच्या वैऱ्यांनी नव्हे, दोनशे सत्तर संशोधकांनी एकत्र येऊन, आपल्याच घराची झडती घ्यावी तसे. लहान नमुने, छापून आणण्याची घाई, मनाजोगता आकडा येईपर्यंत माहितीची मोडतोड, सारे मानसशास्त्रज्ञांनीच चव्हाट्यावर मांडले. आपल्या फसलेल्या भाकितांची यादी स्वतः छापणारा भविष्यवेत्ता मला अजून भेटलेला नाही.

आपणच आपल्याला फसवू नये ही खबरदारी या शास्त्रात जुनी आहे. बर्लिनमधला हान्स नावाचा घोडा टापा आपटून गणिते सोडवायचा. १९०४ मध्ये नेमलेल्या समितीला त्यात लबाडी सापडली नाही, आणि मालकाच्या मनात ती नव्हतीही. मानसशास्त्रज्ञ ऑस्कर फुंग्स्टने फक्त परिस्थिती बदलली. प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसले, किंवा तो घोड्याला दिसत नसला, की हान्सचे गणित संपे. नेमकी टाप पडताच विचारणाऱ्याचे डोके नकळत किंचित हले, आणि घोडा ते वाचत असे.

हान्सची ही परीक्षा घरीही घेता येते. आपल्या शहरांत 'मिडब्रेन', म्हणजे मेंदूचा मधला भाग, जागृत केल्याचे सांगून डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या मुलांकडून पुस्तक वाचून घेणारे वर्ग हजारो रुपये घेतात. पालकांनो, फी भरण्यापूर्वी पट्टीखाली नाकाशेजारची फट कापसाने बुजवा, पुस्तक मुलाच्या हनुवटीखाली नव्हे तर कपाळासमोर धरा, पान तुम्हीही न पाहता उघडा, आणि मग त्याला वाचायला सांगा.