नॉईजची तुलना की नुसता गोंगाट?

मंडळी, आज जरा भांडायचा मूड आहे.

गेल्या महिन्याभरात ओळखीतल्या तिघांनी मला एकच प्रश्न विचारला, "रात्रीच्या फोटोत फार नॉईज येतो रे, फुल फ्रेम बॉडी घेऊ का?" पुरावाही तिघांचा सारखाच. शंभर टक्के झूम केलेले दोन चौकोन, डावीकडे जुना कॅमेरा, उजवीकडे नवा. डावीकडचा साजूक तुपासारखा रवाळ, उजवीकडचा गुळगुळीत. झालं, ईएमआय सुरू!

माझं स्पष्ट मत आहे. लाँग एक्स्पोजरच्या बाबतीत असल्या बहुतेक तुलना निरुपयोगी असतात. सेन्सरच्या नावाखाली त्या भलत्याच गोष्टी मोजतात.

पहिली गोष्ट प्रकाश. फोटॉन पावसाच्या थेंबांसारखे पडतात, कधी कमी कधी जास्त. एका पिक्सेलवर सरासरी १०० फोटॉन पडले तर साधारण १० चा चढउतार ठरलेला, म्हणजे १० टक्के. १०,००० पडले तर चढउतार १००, म्हणजे फक्त १ टक्का. वर्गमुळाचं हे गणित इंजिनिअरिंगला आपण शिकलोय (आणि पेपर झाल्यावर विसरलोय). हा नॉईज खुद्द प्रकाशाचा आहे, कुठलीही कंपनी तो काढून टाकू शकत नाही. फुल फ्रेमचं क्षेत्रफळ एपीएस-सीच्या जवळपास अडीचपट, त्यामुळे त्याला फायदा मिळतो हे मान्य. पण तो सव्वा स्टॉपच्या आसपास. ३० सेकंदांऐवजी सव्वा मिनिट शटर उघडं ठेवलं की तेवढाच प्रकाश मिळतो, फुकटात! ताऱ्यांच्या रेघा होतात म्हणता? मग छोट्या एक्स्पोजरच्या १६ फ्रेम काढा, तारे जुळवून त्यांची सरासरी घ्या. नॉईज एक चतुर्थांशावर येतो.

दुसरी गोष्ट तापमान. लाँग एक्स्पोजरमधला खरा व्हिलन हाच, आणि तुलना करणारे नेमके याच्याबद्दल गप्प. सेन्सरमध्ये प्रकाश नसतानाही उष्णतेमुळे इलेक्ट्रॉन सुटत राहतात. दर सहा-सात अंशांना हे प्रमाण साधारण दुप्पट होतं. आता समजा, एकाने लडाखमधल्या हानलेला उणे पाच अंशांत फोटो काढला आणि दुसऱ्याने मे महिन्यात कोकणातल्या किनाऱ्यावर तीस अंशांत. पस्तीस अंशांचा फरक, म्हणजे निदान तीसपट! कॅमेरा अगदी तोच असला तरी. मग यात जिंकलं कोण, सेन्सर की थंडी?

तिसरी गोष्ट सॉफ्टवेअर. जेपेगमधला गुळगुळीतपणा कॅमेऱ्याने इस्त्री फिरवून आणलेला असतो हे बहुतेकांना ठाऊक आहे. पण रॉ फाईलही सोवळ्यातली नसते. २०१५ साली आलेल्या सोनी ए७आर-टू आणि ए७एस-टू या कॅमेऱ्यांत काही सेकंदांहून लांब एक्स्पोजरला रॉमध्येच फिल्टर लागायचा आणि बारीक तारे हॉट पिक्सेल समजून पुसले जायचे. खगोल-फोटोग्राफरांनी त्याला नाव ठेवलं 'स्टार ईटर'. च्यायला, तारे गिळून आकाश स्वच्छ! तुलनेच्या चौकोनात हाच कॅमेरा पहिला येणार.

आणि तो शंभर टक्के झूम? १२ मेगापिक्सेलच्या ए७एसचा आणि ३६ मेगापिक्सेलच्या ए७आरचा एकेक पिक्सेल शेजारी ठेवणं म्हणजे कलिंगडाची फोड आणि द्राक्ष तोलणं. दोन्ही फोटो सारख्या आकारात बघा, फारच वरचं आयएसओ सोडलं तर फरक बराचसा विरघळतो.

तुलना करायचीच असेल तर नीट करा. तीच रात्र, तेच अ‍ॅपर्चर, तेवढंच शटर, रॉ फाईल, नॉईज रिडक्शन बंद, छापायचा आकार सारखा. शिवाय लेन्सचं झाकण लावून तेवढ्याच वेळाची एक काळी फ्रेम. सेन्सरची उष्णता तिच्यात उघडी पडते, आणि मूळ फोटोतून ती वजाही करता येते.

एवढं करूनही फरक डोळ्यात भरला तर खुशाल घ्या नवी बॉडी, मी पेढे मागायला येईन :-) पण दोन चौकोन बघून वर्षभराची बचत घालवणं, किंवा 'आपला कॅमेरा रात्री चालत नाही' म्हणून हरिश्चंद्रगडावर ट्रायपॉडच न नेणं, हे मला पटत नाही. झाकण लावून एक फ्रेम काढायला पैसे पडत नाहीत. आधी ती काढा.