किडनी बदलली, तरी गोळ्या आयुष्यभर का घ्यायच्या?

उमरेडच्या एखाद्या रुग्णाचं नागपुरात किडनी प्रत्यारोपण झालं, तरी शरीर नव्या किडनीला परकं समजून हल्ला करतं. तो रोखायला टॅक्रोलिमससारख्या गोळ्या कायम घ्याव्या लागतात. त्या सगळी प्रतिकारशक्तीच दाबतात, म्हणून संसर्गाचा धोका वाढतो; शिवाय या गोळ्यांमुळे मधुमेहाचाही धोका वाढतो.

पर्याय काय?
रक्तातल्या ‘रेग्युलेटरी टी’ पेशी इतर पेशींचा हल्ला आवरतात. शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये त्या दाखवून दिल्या. मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी २००१ मध्ये फॉक्सपी३ हे जनुक शोधलं. २०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल या तिघांना मिळालं.

मग अडलंय कुठे?
हे जनुक प्रत्येक पेशीत असतं. पण ते चालू राहणार की बंद, हे त्यावरच्या ‘मिथाइल’ या रासायनिक खुणा ठरवतात. यालाच एपिजेनेटिक्स म्हणतात. नैसर्गिक रेग्युलेटरी पेशींत मोक्याच्या जागेवरच्या या खुणा पुसलेल्या असतात. प्रयोगशाळेत साध्या टी पेशींपासून घडवलेल्या पेशींत त्या बहुतेकदा तशाच राहतात. त्यामुळे अशा पेशी काही काळाने आपलं काम विसरतात.

रुग्णाच्याच रेग्युलेटरी पेशी वाढवून त्याला परत देण्याच्या छोट्या चाचण्या युरोप-अमेरिकेत झाल्या आहेत. मात्र हा अजून नेहमीचा उपचार नाही. त्यामुळे ‘आता बरं वाटतंय’ म्हणून डॉक्टरांना न विचारता गोळ्या बंद करू नका. मोठ्या मुश्किलीने मिळालेली किडनी त्यामुळे गमवावी लागू शकते.