न दिसणाऱ्या पट्ट्याचा हिशेब

मध्यमवर्गीय कुटुंबात मोटारीची निगा राखण्याची एक ठरलेली रीत आहे. टायर गुळगुळीत झाले की बदलायचे, बॅटरीने सकाळी दगा दिला की नवी आणायची, ब्रेक कुरकुरू लागले की गाडी मिस्त्रीकडे न्यायची. जी वस्तू तक्रार करते तिच्याकडे लक्ष द्यायचे आणि जी मुकाट्याने काम करते तिला हात लावायचा नाही, हे या रीतीचे सूत्र होय. घरातील बहुतेक वस्तूंच्या बाबतीत ते चुकीचेही नाही. मोटारीतील एका भागाच्या बाबतीत मात्र ते पुरते फसते. तो भाग म्हणजे इंजिनाचा टायमिंग बेल्ट. हा पट्टा बहुधा कोणतीही पूर्वसूचना न देता तुटतो, आणि तो तुटल्यावर बदलण्याचा विचार करणे म्हणजे वरातीमागून घोडे नाचविणे होय.

या पट्ट्याचे काम समजण्यास यंत्रशास्त्राची पदवी लागत नाही. इंजिनाच्या तळाशी क्रँकशाफ्ट फिरत असतो व त्याच्या जोडीने पिस्टन वरखाली होत असतात. वरच्या अंगास कॅमशाफ्ट असतो. तो हवा आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपांची, म्हणजे व्हॉल्व्हची, उघडझाप करतो. क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा नेमका एक फेरा झाला पाहिजे. हा मेळ ज्या दातेरी रबरी पट्ट्याने साधला जातो, तो टायमिंग बेल्ट. १९६० च्या दशकाच्या आरंभी पश्चिम जर्मनीतील ग्लास कंपनीच्या मोटारीतून तो बाजारात आला. साखळीपेक्षा तो हलका, स्वस्त आणि कमी आवाजाचा असल्याने पुढे जगभर पसरला. परंतु रबर ते रबरच. त्याला आयुष्याची मर्यादा आहे.

ही मर्यादा ओलांडल्यास काय होते? अनेक इंजिनांत पिस्टन आणि उघडी झडप यांची जागा एकच असते. केवळ त्यांच्या वेळा निरनिराळ्या असतात. पट्टा तुटताच कॅमशाफ्ट जागच्या जागी थांबतो, काही झडपा उघड्याच राहतात, आणि वेगात असलेला पिस्टन वर येऊन त्यांच्यावर आदळतो. व्हॉल्व्ह वाकतात, कधी पिस्टन किंवा इंजिनाचे हेडही निकामी होते. सर्वच इंजिनांची रचना अशी नसते हे खरे. पण गाडी चालविणाऱ्यास आपले इंजिन कोणत्या जातीचे आहे याची सहसा कल्पना नसते. शिवाय इंजिन बंद पडताच स्टीअरिंग जड होते आणि ब्रेकला मिळणारी मदत एकदोन दाबांतच संपते. असा प्रसंग कसारा किंवा खंबाटकीच्या घाटात भरल्या गाडीनिशी ओढवला, तर प्रश्न केवळ पैशांचा राहत नाही.

आधी पुस्तिका, मग मिस्त्री

महाराष्ट्रातील जुन्या पिढीला या पट्ट्याची फारशी धास्ती नाही, यालाही कारण आहे. तिचे शिक्षण अ‍ॅम्बॅसडर आणि प्रीमियर पद्मिनी या गाड्यांवर झाले, व त्या दोहोंच्या इंजिनांत पट्टा नसून साखळी होती. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली ती मात्र पट्टा घेऊन. तेव्हापासून भारतीय रस्त्यांवर दोन्ही प्रकार शेजारी शेजारी नांदत आहेत. ७९६ सी.सी.ची अल्टो, जुनी सँट्रो, दीड लिटर डिझेल इंजिनाची डस्टर या गाड्या पट्ट्यावर चालतात. स्विफ्टचे तेराशे सी.सी.चे डिझेल इंजिन आणि मारुतीची के-मालिकेतील इंजिने साखळीवर. एकाच कंपनीच्या दोन गाड्यांत हा फरक असू शकतो. म्हणून शेजाऱ्याच्या अनुभवावर विसंबण्याऐवजी गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका उघडून पाहणे ही पहिली पायरी होय. साखळीही अमर नसते. वेळेवर तेल न बदलल्यास ती ढिली पडते. मात्र बहुधा ती आवाज करून आपली तक्रार मांडते. पट्ट्याला हे सौजन्य नाही.

पुस्तिकेत बहुधा दोन मर्यादा दिलेल्या असतात. एक किलोमीटरची व दुसरी वर्षांची. यांपैकी जी आधी येईल ती पाळावयाची असते. किलोमीटरचा आकडा इंजिनागणिक बदलतो. कोठे तो साठ हजार असतो, तर कोठे लाखाच्याही पुढे जातो. बहुतेकांची चूक होते ती दुसऱ्या मर्यादेबाबत. निवृत्त शिक्षकाची गाडी दहा वर्षांत जेमतेम तीस हजार किलोमीटर चालली असेल, तर तो तिला नवी समजतो. पण रबर अंतराने झिजते तसे काळाने व उष्णतेनेही कडक होते. याउलट पुण्या-मुंबईच्या वाहतुकीत तासन् तास इंजिन चालू ठेवून उभी राहणारी गाडी किलोमीटर कमी दाखविते आणि पट्टा मात्र फिरतच राहतो. धूळ, आणि विशेषतः जवळच्या सीलमधून झिरपणारे तेल, त्याचे आयुष्य आणखी घटविते. टोयोटाच्या काही डिझेल गाड्यांत ठरावीक अंतर झाल्यावर पट्ट्याची सूचना देणारा दिवा लागतो. परंतु तो दिवा किलोमीटर मोजतो, पट्ट्याची प्रकृती नव्हे. झाकण काढून नुसते पाहण्याचाही भरवसा नाही. पट्ट्याचे बळ त्याच्या आतील तंतूंत असते, व वरून ठाकठीक दिसणारा पट्टा आतून थकलेला असू शकतो.

बचतीचा भ्रम

तरीही खर्च पुढे ढकलला जातो. महिनाअखेरीस हिशेब जुळविणाऱ्या कारकुनाला दोष देण्यापूर्वी त्याच्या मनातील गणित तपासले पाहिजे. उदाहरणादाखल समजा की पट्टा बदलण्यास सर्व मिळून दहा हजार रुपये लागतात आणि त्याची मर्यादा ऐंशी हजार किलोमीटरची आहे. किलोमीटरमागे हा खर्च साडेबारा पैसे होतो. लिटरला पंधरा किलोमीटर जाणाऱ्या गाडीत पेट्रोलचा भाव शंभर रुपये धरला, तर इंधनालाच किलोमीटरमागे साडेसहा रुपयांहून अधिक पडतात. आता मालकाने तोच पट्टा ताणून एक लाख किलोमीटर चालविला, तर किलोमीटरमागे दहा पैसे पडतील. म्हणजे अडीच पैशांची बचत. लाख किलोमीटरच्या प्रवासात या बचतीची बेरीज होते अडीच हजार रुपये.

पट्टा तुटून इंजिनाच्या दुरुस्तीस पन्नास हजार लागले असे धरले, तर असा धोका पत्करणाऱ्या वीस मालकांची एकत्रित बचत त्यांच्यातील एकाच्या दुरुस्तीत संपून जाते. एकोणीस जण आपल्या काटकसरीबद्दल स्वतःची पाठ थोपटतात आणि विसावा कर्ज काढतो. तो विसावा कोण, हे कोणालाच आधी ठाऊक नसते. या प्रसंगी विमाही धावून येत नाही, कारण यंत्राचा बिघाड व झीज सर्वसाधारण मोटार विम्याच्या कक्षेबाहेर असतात. तेव्हा दर हजार किलोमीटरमागे सव्वाशे रुपये बाजूस काढणे हाच येथे खरा विमा होय.

कोठे बदलावा?

या कामात पट्ट्याच्या किमतीपेक्षा त्याच्यापर्यंत पोहोचण्याची मजुरी बहुधा मोठी असते. म्हणून टेन्शनर, त्याची बेअरिंगे आणि जेथे पाण्याचा पंप याच पट्ट्यावर फिरतो तेथे तो पंपही त्याच वेळी बदलणे शहाणपणाचे. केवळ पट्टा बदलून जुनी बेअरिंग तशीच ठेवली आणि तीच वर्षभराने अडकली, तर नवा पट्टाही वाया जातो. मजुरी एकदाच द्यावयाची असेल, तर सर्व कामे एकत्र उरकणे यातच किफायत आहे.

कंपनीचे अधिकृत सर्व्हिस सेंटर की कोपऱ्यावरचे गॅरेज, हा वाद पाटीवरून सुटणारा नाही. सेंटरमध्ये अवजारे व नोंदी असतात, पण दर चढे असतात. गॅरेजवाला स्वस्त आणि ओळखीचा असतो, पण एखादे इंजिन त्याच्या हाताखालून कधी गेलेलेच नसते. कसोटी अशी असावी: या इंजिनाचे हे काम त्याने पूर्वी केले आहे काय? शाफ्ट जागीच धरून ठेवणारे अवजार जेथे लागते तेथे ते त्याच्यापाशी आहे काय? पट्टा बसविल्यावर इंजिन हाताने दोन फेरे फिरवून खुणा पुन्हा जुळतात की नाही, हे तो पाहतो काय? एक दात इकडचा तिकडे झाला तरी इंजिन बिघडते. या प्रश्नांना समाधानकारक उत्तरे देणारा मिस्त्री छोट्या गॅरेजातला असला तरी चालेल. उत्तरे टाळणारा वातानुकूलित दालनात बसला असला तरी नको. नव्या भागांची खोकी डोळ्यांदेखत उघडली जावीत, जुना पट्टा परत मिळावा, आणि पक्क्या बिलावर तारीख व किलोमीटर लिहिलेले असावेत.

हे बिल जपण्याचे महत्त्व गाडी विकताना कळते. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्याच बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले की, विकणाऱ्याला जे ठाऊक असते ते घेणाऱ्याला ठाऊक नसेल, तर चांगल्या मालालाही योग्य भाव मिळत नाही. या विषयावरील कार्यासाठी त्यांना २००१ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. झाकणाआडचा पट्टा हे या सिद्धान्ताचे चालतेबोलते उदाहरण आहे. मध्यमवर्गीयाची पहिली मोटार पुष्कळदा जुनी घेतलेली असते. अशा वेळी बदलल्याचा लेखी पुरावा नसेल, तर पट्टा बदललेला नाही असेच समजावे, त्याचा खर्च किमतीतून वजा करून घ्यावा आणि पहिल्या लांबच्या प्रवासापूर्वी तो बदलावा.

ग्राहकाने सावध राहावे एवढे सांगून मात्र विषय संपत नाही. सुटे भाग व दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना मोकळेपणाने मिळत नाही, यासाठी भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांना दोषी धरून २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला होता. त्यावर अपिले झाली, हे त्याच कथेचे पुढचे प्रकरण. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ग्राहकांच्या दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले. या दिशेने आणखी एक साधे पाऊल टाकता येईल. पट्टा बदलणाऱ्या प्रत्येकाने बॉनेटखाली तारीख, किलोमीटर आणि पुढील मुदत लिहिलेली चिठ्ठी चिकटविणे बंधनकारक करावे, आणि पुस्तिकेतील देखभालीचे कोष्टक ग्राहकाच्या भाषेत, म्हणजे महाराष्ट्रात मराठीत, द्यावे. त्यास फारसा खर्च नाही.

तोवर ही जबाबदारी मालकाचीच आहे. विजेचे बिल आणि विम्याचा हप्ता यांच्या तारखा जो भिंतीवरच्या कॅलेंडरवर मांडून ठेवतो, त्याने तेथेच आणखी एक तारीख लिहावी. पट्टा स्वतः होऊन आठवण करून देणार नाही.