आजीच्या सोशिकपणाचे कौतुक पुरेसे नाही



‘माझी आजी’ या विषयावरील निबंधात एक वाक्य हमखास येते : तिने फार सोसले, पण ती कधी खचली नाही. वाक्य खरे आहे. परंतु सोसणारे मन आणि म्हातारपणी शाबूत राहणारी स्मरणशक्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचेच पाहा. वर्णभेद व गरिबी सोसूनही त्यांच्यात तीव्र नैराश्याचे प्रमाण गोऱ्यांपेक्षा कमी आढळते. चर्च आणि नात्यागोत्याचा आधार हे त्याचे एक कारण सांगतात. पण वृद्धपणी स्मृतिभ्रंश मात्र त्यांच्यात गोऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट. रक्तदाब, मधुमेह, अपुरे उपचार ही कारणे आहेतच. मला शिक्षक म्हणून अधिक बोचले ते शाळेचे कारण. १९५४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापूर्वी दक्षिणेकडील राज्यांत काळ्या मुलांच्या शाळा कायद्यानेच वेगळ्या होत्या. तेथे खर्च कमी, वर्षातले शाळेचे दिवसही बहुधा कमी. म्हणजे दोघेही आठवी पास, पण पदरात पडलेली विद्या सारखी नाही. कोलंबिया विद्यापीठाच्या जेनिफर मॅन्ली व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवले, की वाचनाची पातळी हिशेबात घेतली तर काळ्या व गोऱ्या वृद्धांच्या बौद्धिक चाचण्यांतील तफावत बरीच घटते.

आपल्याकडे ही रेघ मुलगा आणि मुलगी यांच्यामध्ये ओढली गेली. भाऊ मॅट्रिक झाला, बहीण चौथीनंतर घरी बसली, अशी उदाहरणे इंदुरातील आपल्या मराठी घरांत शोधावी लागत नाहीत. देशव्यापी पाहणीचा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज असा, की साठीपुढील ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश आहे; स्त्रियांत तो पुरुषांपेक्षा जास्त, आणि न शिकलेल्यांत शिकलेल्यांपेक्षा जास्त.

गेलेली शाळा परत येत नाही, हे कबूल. पण २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञ समितीने टाळता येण्याजोगी जी १४ कारणे सांगितली, त्यांत अल्प शिक्षणाबरोबर ऐकू कमी येणे, दृष्टिदोषावर उपचार न होणे आणि एकटेपणा हीदेखील आहेत. आजीला ऐकू येत नाही म्हणून घरात हसण्याचा जो प्रघात आहे, तो मला मुळीच आवडत नाही. (स्मरणशक्तीच्या गोळ्यांवर पैसे घालवण्यापेक्षा तिचे कान तपासून घ्यावेत.)

म्हणून विश्वस्त मंडळापुढे मी दोन गोष्टी मांडणार आहे. शाळेचे वाचनालय आठवड्यातून दोन दुपारी आजी-आजोबांसाठी उघडे ठेवावे, आणि वार्षिक आरोग्य तपासणीत त्यांचे कान-डोळेही तपासले जावेत. खर्च फारसा नाही. एक शिपाई दोन तास जास्त थांबेल, त्याचा मोबदला द्यावा लागेल. दहावीनंतर मुलीचे शिक्षण थांबवण्याच्या विचारात असलेल्या पालकांनी मात्र आधी मला येऊन भेटावे.

इच्छुक आजी-आजोबांची नावे वर्गशिक्षकांकडे द्यावीत. ज्यांना वाचता येत नाही त्यांचीही द्यावीत. वाचून दाखवायला आठवी-नववीची मुले आहेत.