वकिलांच्या निष्काळजीपणामुळे बुडालेल्या दाव्यांबाबत निवेदन

प्रति,
मा. मंत्री महोदय, विधी व न्याय विभाग, महाराष्ट्र शासन, मुंबई
(मार्फत : मा. जिल्हाधिकारी, अमरावती)

विषय : पेशीला गैरहजर राहून पक्षकाराची फाइल अडविणाऱ्या वकिलांविरुद्ध दाद मिळण्याबाबत.

महोदय,

नांदगाव पेठ परिसरातील कास्तकार पक्षकारांच्या वतीने हे निवेदन पुन्हा सादर करण्यात येत आहे. यापूर्वीच्या प्रत्येक निवेदनानंतर बैठकीचे आश्वासन मिळाले, बैठक मात्र एकदाही लागली नाही.

धुऱ्याच्या किंवा वहिवाटीच्या वादात पक्षकार वकीलपत्रावर, म्हणजे आपल्या वतीने काम चालविण्याचा अधिकार वकिलास देणाऱ्या लेखावर, सही करून फी भरतो आणि पेशी कळविली जाईल या शब्दावर विसंबतो. पेशी कळविली जात नाही, वकीलही उभे राहत नाहीत आणि प्रतिवादी हजर असताना वादी गैरहजर म्हणून दावा खारीज होतो. असा दावा मूळ नंबरावर घेण्याच्या अर्जाला केवळ ३० दिवसांची मुदत असते व त्याच कारणावर नवा दावा लावता येत नाही. पक्षकारास हे कळते ते रोजनाम्याची, म्हणजे न्यायालयातील दैनंदिन कामकाजाच्या नोंदीची, नक्कल काढल्यावर. त्यानंतर नवा वकील फाइल व आधीच्या वकिलाची ना-हरकत मागतो, तर आधीचे वकील राहिलेल्या फीचे कारण सांगून सातबारा, मोजणीचा नकाशा व जुनी खरेदीखते असलेली फाइल सोडत नाहीत. फीपोटी पक्षकाराचे कागद अडविता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच स्पष्ट केले असूनही कास्तकाराने त्यासाठी हेलपाटे घालत राहावे, हे अत्यंत अन्यायाचे आहे. विलंब माफीसाठी आणि निष्काळजीपणा सिद्ध करण्यासाठी लागणारे कागदही त्याच फाइलीत अडकलेले असतात.

सर्वोच्च न्यायालयाच्या १४ मे २०२४ च्या निर्णयाने वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या बाहेर ठेवल्याने ग्राहक आयोगाचा मार्ग बंद झाला आहे. निष्काळजी वकिलाविरुद्ध भरपाईचा दिवाणी दावा चालतो, हे त्याच न्यायालयाने १९८८ मध्ये मान्य केले होते. परंतु ज्या न्यायालयात रोज एकत्र काम करायचे तेथे सहकाऱ्याविरुद्ध वकीलपत्र घेण्यास कोणी सहजासहजी तयार होत नाही. अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम ३५ खालील तक्रारीतून ताकीद, निलंबन किंवा सनद रद्द होऊ शकते, गेलेले शेत परत मिळत नाही. शिवाय शिस्तपालन समितीने एका वर्षात निकाल द्यावा या तरतुदीची आठवण तक्रारदारानेच करून द्यावी लागते आणि उत्तरादाखल ‘प्रकरण विचाराधीन आहे’ एवढेच ऐकावे लागते.

सबब, लेखी मागणीनंतर ठरावीक दिवसांत संपूर्ण फाइल पोच घेऊन परत करणे बंधनकारक व्हावे आणि ना-हरकतीअभावी नव्या वकिलाचे काम अडू नये, यासाठी शासनाने विधिज्ञ परिषदेशी तातडीने चर्चा करावी, ही मुख्य मागणी आहे. अशा भरपाई दाव्यांसाठी विधी सेवा प्राधिकरणामार्फत परजिल्ह्यातील वकील मिळावा. इंग्लंडमधील सॉलिसिटरांप्रमाणे वकिलांना व्यावसायिक दायित्व विमा, म्हणजे त्यांच्या चुकीची भरपाई देणारा विमा, सक्तीचा करण्याची शिफारस केंद्राकडे व्हावी.

या वेळी तोंडी आश्वासन न देता बैठकीची तारीख लेखी कळवावी व त्या बैठकीस पक्षकारांचे प्रतिनिधी बोलवावेत, ही विनंती.

निवेदनकर्ते,
समस्त पीडित पक्षकार,
नांदगाव पेठ, ता. जि. अमरावती